पेनड्राइव्हमधला तारपा

वसई-विरार पट्ट्यात पत्रिकेवरचा मुहूर्त दुसऱ्या दिवसाचा असला, तरी लग्न रंगते ते हळदीच्या रात्री. मांडवाच्या कडेला टॉप आणि बेसच्या पेट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. टेबलावर लॅपटॉप आणि कंट्रोलर, शेजारी ऑक्टोपॅड, आणि कुठे कुठे अजूनही बेंजो. तीन-चार तासांत त्या टेबलामागून जे बाहेर पडते त्याची यादी केली तर चक्रावायला होते: वेसाव्याच्या कोळीगीतांचे तुकडे, आगरी हळदीगीत, नाशिक ढोलाची फेरी, गोंधळ्याचा संबळ, डहाणू-तलासरीकडचा तारपा, मध्येच एखाद्या चित्रपटातला संवाद, आणि या सगळ्याच्या बुडाशी कुठल्या तरी परदेशी खोलीत संगणकावर बांधलेला ठेका. यातले जवळजवळ काहीही त्या मांडवात जन्मलेले नसते. यूट्यूबवरून उतरवलेले, टेलिग्रामच्या गटात आलेले, कुणी गूगल ड्राइव्हवर खुल्या ठेवलेल्या फोल्डरातून उचललेले, असे ते पेनड्राइव्हवर जमा झालेले असते. ‘हलगी मिक्स’, ‘आराधी मिक्स’, ‘ॲक्टिव्ह पॅड मिक्स’, ‘साउंड चेक’ ही या दुनियेतली प्रकारांची नावे. छापील संगीतसमीक्षेत ती सापडणार नाहीत, पण महाराष्ट्रातल्या अर्ध्या मिरवणुका त्यांच्यावर चालतात.

या प्रकाराविषयी सुशिक्षित मंडळींची मते दोन, आणि दोन्ही ठाम. एक म्हणजे यात कला कसली, बटण तर दाबायचे. दुसरे म्हणजे ही उघड चोरी आहे. मला दोन्ही अर्धवट वाटतात. इंटरनेटवरून गोळा केलेल्या आवाजांतून लोकांसमोर, त्यांच्या पायांकडे बघत काही उभे करणे हे सादरीकरणच आहे, आणि चांगले जमते तेव्हा ते अवघड असते. दुसऱ्याचा आवाज घेण्यातही मूलतः गैर काही नाही. आपले निम्मे संगीत तसेच उभे राहिले आहे. गैर घडते ते पुढच्या पायरीवर, जेव्हा घेतलेल्या आवाजाचे नाव-गाव पुसले जाते. नाव न पुसता घेण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. ती फक्त पेनड्राइव्हपर्यंत पोचलेली नाही.

हा प्रकार इथेच इतका का फोफावला, याचे कारण तंत्रापेक्षा वस्तीत आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेतच लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पश्चिमेला अर्नाळा, पाचूबंदर, नायगावचे कोळीवाडे, वाडवळांच्या वाड्या, सामवेदी बोलणाऱ्या कुपारी ख्रिस्ती समाजाची गावे. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडे. आणि मधल्या रेल्वेपट्ट्यात मुंबईतून जागेच्या भावाने ढकललेली कोकणी कुटुंबे, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कामगार, गुजराती व्यापारी. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या इमारतीच्या आवारात हळद असली, तर नवऱ्याचे काका कोकणातल्या शक्ती-तुऱ्यावर वाढलेले असतात, शेजारी भोजपुरी गाण्यांवर आणि नवऱ्याचे मित्र आगरी ठेक्यावर. पूर्वी ज्या समाजाचे लग्न त्या समाजाचे वाजप, असा साधा हिशेब होता. आता एकाच मांडवात पाच समाजांना नाचवायचे आहे. एवढे सगळे जाणणारे वाजंत्रीपथक कुठे मिळणार, आणि मिळाले तरी परवडणार कुणाला? ती पोकळी इंटरनेटने भरली. हौस होतीच, पण गरज तिच्या आधी होती.

आता ‘बटण दाबणे’ म्हणजे काय ते पाहू. दोन गाणी जोडायची तर आधी त्यांची लय जुळवावी लागते, मग स्वर, आणि मग नेमकी कुठल्या मात्रेवर एकातून दुसऱ्यात उडी घ्यायची ते. हे काम संगणक आता बरेचसे करतो, हे खरे. संगणकाला करता येत नाही ते वेगळेच. रिंगणात बायका उतरल्या आहेत की पोरे, थकवा आला आहे की रंग चढतो आहे, आजीला अजून दोन मिनिटे जुने कोळीगीत हवे आहे की तिने खुर्ची गाठली आहे, हे टेबलामागच्याला क्षणात ओळखावे लागते. ‘ड्रॉप’, म्हणजे रोखून धरलेला ठेका, आठ मात्रा उशिरा सोडायचा की आत्ताच, हा निर्णय आधी घेऊन ठेवता येत नाही. घेऊन ठेवला की मांडव लगेच ओळखतो आणि बसतो.

पॅडवाल्याचे काम तर याहून उघड वादकाचे आहे. ऑक्टोपॅडला आठ पॅड, रोलंडच्या ‘एसपीडी-एसएक्स’ या २०११ सालच्या यंत्राला नऊ. त्यांतल्या एकेका पॅडवर उतरवलेला आवाज बसवायचा, ज्याला या धंद्यात ‘टोन’ म्हणतात. अडचण अशी की खरा संबळ दर आघाताला किंचित वेगळा बोलतो आणि एकच टोन दर वेळी तंतोतंत तसाच येतो. एकाच टोनावर तीन मिनिटे संबळ वाजवला तर तो शिवणयंत्रासारखा ऐकू येतो. जाणकार वादक म्हणून एका बोलाचे तीन-चार वेगवेगळे आघात वेगवेगळ्या पॅडवर ठेवतो आणि ते हाताने आलटून पालटून काढतो. त्यासाठी मूळ संबळाचे वळण कानात असावे लागते. ज्याने संबळ ऐकलेला नाही, त्याच्या पॅडवर जगातला सगळ्यांत चांगला टोन असूनही संबळ वाजत नाही.

निवड आणि जोडणी ही कला नव्हे असे म्हणायचे, तर कीर्तनाचे काय करायचे? नारदीय कीर्तनकार एका कीर्तनात तुकारामांचा अभंग घेतो, वामनपंडितांचा श्लोक घेतो, मोरोपंतांची आर्या घेतो, मध्ये साकी-दिंडी येते, एखादे नाट्यपदही येऊन जाते. यातली एकही ओळ त्याची नसते. त्याला कुणी चोर म्हटले नाही, आणि ‘यात तुझे काय’ असेही विचारले नाही, कारण कशानंतर काय आणि समोर कोण बसले आहे त्याप्रमाणे कुठे थांबायचे, यातच त्याचे कसब असते हे श्रोत्यांना ठाऊक होते. विरार लोकलमधली भजनी मंडळे तेच करतात. चाल चित्रपटातली, शब्द विठ्ठलाचे, ठेका टाळांचा आणि डब्याच्या पत्र्याचा. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कीर्तनकाराकडे आहे आणि डीजेकडे नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते. अभंग कुणीही उचलला, कुठेही गायला, कितीही तोडून-जोडून गायला, तरी तो पुरा गायचा तर नामदेवांचे, जनाबाईंचे, एकनाथांचे नाव उच्चारावेच लागते. उचलणाऱ्याच्या सचोटीवर काही सोडलेलेच नाही.

दुसरा पुरावा खुद्द वसईचा आहे. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांत नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. देऊळ १७४७ सालचे, घंटा १७२१ साली ओतलेली. भीमाशंकरच्या घंटेवर ख्रिस्ती चिन्ह आजही दिसते. आवाज एका धर्मस्थळातून दुसऱ्यात गेला आणि तिथलाच होऊन बसला. हे युद्धातले लुटणे होते, त्याचे समर्थन करायचे कारण नाही, आणि उतरवलेल्या फाइलशी त्याची सरळ बरोबरीही होत नाही. घंटा गेली की वसईत ती उरली नाही. तारप्याची फाइल उतरवली तरी तारपा जव्हारलाच असतो. पण या तुलनेत फाइल एका बाबतीत उणी पडते. घंटेच्या धातूतच तिचे मूळ ओतलेले आहे. पावणेतीनशे वर्षे देवळात वाजूनही ती ‘वसईची घंटा’ राहिली. ‘तारपा_फायनल_न्यू_२’ या नावाच्या फाइलीचे मूळ आठवड्याभरात कुणी सांगू शकत नाही.

‘बाहेरून आलेले म्हणून ते आपले नव्हे’ हा आक्षेप मी फार वेळ घेणार नाही, कारण आगरी-कोळी लग्नाची ओळखच ठरलेला बेंजो त्याला उत्तर देतो. १९१२च्या सुमारास जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे असलेले तंतुवाद्य तयार केले, तायशोगोतो. तेच भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, त्याला विजेचे पिकअप जोडले गेले आणि मुंबई-कोकणच्या मिरवणुकांत ते ‘बेंजो’ म्हणून नांदू लागले. २०१६मध्ये रवी जाधव यांनी त्याच्यावर हिंदी चित्रपट काढला तोही मुंबईच्या गल्लीचे वाद्य म्हणून. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली कोळीगीते आज कोळीवाड्यांतल्या लग्नांत घरची म्हणून गायली जातात. लिहिणारी कवयित्री कोळी नव्हती, याने कुणाचे काही अडलेले नाही.

चोरीचा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यात कायदा आहे आणि कायद्याबद्दल दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ (१) (झेडए) सांगते की खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे गाणे-वाजवणे किंवा ध्वनिमुद्रण ऐकवणे हा हक्कभंग नाही, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभही त्यात धरले आहेत. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितले. गोवा सरकारने त्याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४मध्ये रद्द केले खरे, पण ते कलम रद्द झाले म्हणून नव्हे. कायद्याच्या तरतुदीची व्याप्ती सरकारने परिपत्रक काढून ठरवू नये, हा मुद्दा होता. सूट कायद्यात आहे तशीच आहे. तेव्हा हळदीत गाणे वाजवणाऱ्याला सरसकट चोर म्हणणे कायद्यालाच धरून नाही. उलट बाजूचा गैरसमज असा की त्यामुळे सगळेच माफ. ते तसे नाही. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला ही सूट मिळत नाही, आणि दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण कापून, जोडून, आपले मिक्स म्हणून इंटरनेटवर चढवणे ही तर पूर्ण निराळी कृती आहे. मांडवात तीन तास जे चालून गेले, तेच दुसऱ्या दिवशी अपलोड केले की परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

याच कायद्यातली दोन कलमे पैशांच्या भांडणात कायम मागे राहतात, आणि माझ्या मते या विषयात तीच कळीची आहेत. कलम ५७ लेखक-संगीतकाराला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि तो हक्क कृती विकून टाकली तरी त्याच्याकडेच राहतो. २०१२च्या दुरुस्तीने आलेले ३८-बी हे कलम सादरकर्त्यालाही आपले नाव लावून घेण्याचा हक्क देते. सादरकर्ता कोण, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक आहेतच, शिवाय कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही आहेत. संसदेने गारुड्यालाही जागा दिली आहे. तेव्हा ‘तारपा लोकसंगीत आहे, त्याला मालक नाही, मग नाव कुणाचे लावायचे’ हा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही. सुरावट सगळ्या समाजाची असेल. पण ध्वनिमुद्रण झाले त्या दिवशी वाळलेल्या भोपळ्यात आणि बांबूच्या नळ्यांत श्वास भरणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या वादनावर त्याचा हक्क आहे. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या तारपा वाजवणाऱ्या घरातल्या वादकाला ‘पारंपरिक’ या एका शब्दात गुंडाळणे हे कायद्यानेही चूक आणि रीतीनेही.

नाव गेल्याने काय होते, याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण सहा सेकंदांचे आहे. अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने १९६९मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने एकट्याने चार आवर्तने वाजवली. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. ब्रिटनमधला एक संपूर्ण नृत्यसंगीताचा प्रकार त्याच्यावर उभा राहिला. कोलमन २००६मध्ये गेले, त्या वापराचा एक डॉलरही न मिळता. उलट दिशेचे उदाहरण आपल्याजवळचे आहे. १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातले बप्पी लाहिरींचे, लता मंगेशकरांनी गायलेले गाणे २००२मध्ये एका अमेरिकी गायिकेच्या गाण्यात न विचारता वापरले गेले. लाहिरी न्यायालयात गेले आणि २००३च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की त्यांचे नाव छापल्याशिवाय ध्वनिमुद्रिका विकता येणार नाही. पैशांचा वाद पुढे चालू राहिला. पहिला हुकूम नावाचा होता.

यावर धंद्यातली माणसे म्हणतील, हे कागदावर ठीक, पण हजार माणसे नाचत असताना नावे कोण सांगणार आणि कोण ऐकणार? रंगाचा बेरंग होईल. हा आक्षेप खरा धरला असता, जर हेच लोक दर दीड मिनिटाला एक नाव मोठ्याने ऐकवत नसते तर. आपल्या हद्दीतल्या कुठल्याही मिक्समध्ये ऐन रंगात एक भारदस्त आवाज येतो आणि डीजेचे नाव पुकारून जातो. याला टॅग म्हणतात. दुसऱ्या डीजेने मिक्स उचलून आपल्या नावावर खपवू नये म्हणून तो घातलेला असतो. म्हणजे नाव पुसले जाण्याचे दुःख या धंद्याला पुरेपूर कळते, त्यावरचा उपायही त्यानेच शोधला आहे, आणि त्याने नाच थांबलेला नाही. मागणी एवढीच की जी वागणूक डीजे स्वतःच्या नावाला देतो, तीच त्याने तारपेकऱ्याच्या नावाला द्यावी.

आणि ही युक्ती तरी कुठे नवी आहे? नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली, तेव्हा शेवटी त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कारागिराला कुठला साचा कुणाचा हे कळावे म्हणून ही सोय होती. सोय संपली तरी त्या गाण्याचे नाव-गाव त्याच्यापासून सुटले नाही. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आणि तिथला निवेदक गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगतो. त्याने गाण्याची गोडी कमी झाल्याची तक्रार ऐकिवात नाही. झाले ते इतकेच की शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनाही संगीतकारांची नावे पाठ झाली. वाद्यवृंदाच्या जमान्यातले निवेदकही तेच करत. यंत्राच्या बाजूने तर अडचण मुळीच नाही. प्रत्येक फाइलला कलाकार, गाव, वर्ष लिहायची जागा असते आणि कंट्रोलर किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर ते आपोआप दिसते. आज तिथे बहुधा ज्या संकेतस्थळावरून फाइल उतरवली त्याची जाहिरात असते.

गोंगाटाचा आक्षेप मी या वादात धरत नाही. तो गंभीर आहे, पण वेगळा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. ती मोडणाऱ्याला पकडावे. पण खऱ्या ढोलताशानेही ती मोडता येते. आवाज कुठून गोळा केला याचा आणि तो किती मोठा लावला याचा संबंध नाही. ‘डीजे’ या एकाच शब्दाने माणूस, यंत्र आणि पेट्यांची भिंत या तिघांनाही ओळखण्याची सवय लागल्यामुळे ही गल्लत होते.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. संबळाचा टोन पेनड्राइव्हवर आला की संबळवाल्याची सुपारी जाते. नाव लावले म्हणून त्याच्या घरी चूल पेटत नाही. हे खरे आहे. एवढेच म्हणता येते की निनावी टोनाने ती सुपारी कायमची जाते. नाव-गाव असलेल्या टोनाने ती परत यायची वाट तरी उघडी राहते. मोठ्या लग्नाचा यजमान पाच मिनिटे खरा तारपा आणू म्हणाला, तर कुणाला बोलवायचे हे डीजेला ठाऊक असायला हवे. ज्याच्या फाइलवर ‘वाळवंडे, जव्हार’ लिहिलेले आहे त्याला ते ठाऊक असेल. आणि काही गोष्टी फाइलमध्ये बसतच नाहीत. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे गाते, वारली लग्नात धवलेरी. विधी जसजसा सरकतो तसतसे गाणे सरकते आणि त्यात त्या घरातल्या माणसांची नावे ओवली जातात. दुसऱ्या घरचे धवळे उतरवून ऐकवले तर त्यात भलत्याच नवरीचे नाव येईल. तिथे उतरवलेला आवाज निरुपयोगी आहे, धवलारीणच बोलवावी लागते. तिच्या आवाजाला पेट्यांपुढे टिकायचे तर माइक हवा, आणि मांडवातला माइक बहुतेक वेळा डीजेच्या टेबलावर असतो. तो तिच्या हाती देऊन अर्धा तास पेट्यांवरची बाकीची गाणी बंद ठेवण्याचे बुकिंग घेतानाच यजमानाशी बोलून ठरवता येते.